खुपऱ्या, रिव्हर ब्लाइंडनेस, बुबुळाचा अल्सर... शाळेत नेमकं काय सांगू?

शाळेतली_बाई (दिंडोरी)

नमस्कार मंडळी. मी दिंडोरी तालुक्यात जि. प. शाळेवर आहे, सातवी-आठवीला शिकवते. ऑक्टोबरच्या दुसऱ्या गुरुवारी जागतिक दृष्टी दिन असतो तर हेडसरांनी फर्मान काढलंय की बाई यंदा तुम्ही अर्धा तास बोलायचं, पालकही येणारेत, आणि विषयही त्यांनीच ठरवून टाकला, संसर्गाने येणारं पण टाळता येण्यासारखं अंधत्व. मी नेटवर वाचायला बसले तर डोकं भणभणलं. ट्रॅकोमा आहे, रिव्हर ब्लाइंडनेस आहे, कुष्ठरोग, गोवर, रुबेला, बाळाला जन्मताना होतं ते, बुबुळाचा अल्सर म्हणजे चिघळलेली जखम, आणि कोविडनंतरची ती काळी बुरशी, सगळे एकाच माळेत ओवलेत. तुलना करायची तर कशाच्या जोरावर करायची तेच कळेना. किती लोक आंधळे झाले त्यावर, का औषध आहे की नाही त्यावर?

माझ्या दोन शंका आहेत. पहिली, माझ्या आजीला (आईची आई, सिन्नरकडची) खुपऱ्या होत्या असं घरात म्हणायचे. मला आठवतंय ती सकाळी उन्हाला ओट्यावर बसायची, मान वर करून, आणि मला हाक मारायची, ये गं, तुझी नजर चांगली आहे, टोचणारा केस काढ. मग मी पितळी चिमट्याने तिच्या पापणीचे आत वळलेले केस एकेक उपटायचे. बारीक, पांढरे, असे दिसायचेच नाहीत, बोटाने पापणी ताणून उन्हाकडे धरली की मग चमकायचे. केस निघाला की तिच्या डोळ्यातून घळाघळा पाणी यायचं आणि म्हणायची, गेली बाई सल. पंधरा दिवसांनी परत तेच. शेवटी शेवटी एका डोळ्याने काहीच दिसत नव्हतं, मोतीबिंदू असेल म्हणून सगळे गप्प बसले. तर ह्या खुपऱ्या म्हणजेच ट्रॅकोमा का?

दुसरी, हसू नका, वर्गात एका पोराने विचारलं की बाई रिव्हर ब्लाइंडनेस नदीत आंघोळ केल्यावर होतो का, कारण त्याचे आजोबा दर अमावास्येला रामकुंडावर जातात. मला उत्तर देता आलं नाही, उद्या सांगते म्हणाले. तो उद्या अजून आलेला नाही.

निवृत्त_नेत्रवाला (पंचवटी)

ताई, आधीच सांगतो मी डॉक्टर नाही, ग्रामीण रुग्णालयात नेत्र चिकित्सा अधिकारी म्हणून नोकरी केली, आता रिटायर आहे. पण आजीचं तुम्ही जे लिहिलंय ते ट्रॅकोमाचंच वर्णन आहे, त्यात मला तरी शंका नाही. खुपऱ्या हे त्याचंच आपलं जुनं नाव. केस उपटणं तर मी घरोघर बघितलंय, काही म्हाताऱ्या चिमटा कमरेच्या पिशवीत चंचीबरोबर ठेवायच्या.

गंमत म्हणजे हा रोग म्हातारपणाचा नाहीच. आजीला तो लागला असेल तीन-चार वर्षांची असताना. क्लॅमिडिया ट्रॅकोमॅटिस नावाचा जंतू, एका पोराच्या चिपडातून दुसऱ्या पोराच्या डोळ्यात, मधे कोण तर आईचा पदर, एकच टॉवेल, हात, आणि माश्या. आम्ही वरची पापणी उलटी करून बघायचो तर आत साबुदाण्यासारखे दाणे असायचे. एकदा होऊन गेला तर काही बिघडत नाही, पण लहानपणी परत परत होत राहिला की पापणीच्या आतल्या बाजूला वण पडतात, वण आकसतो, मग वीस-तीस वर्षांनी पापणीची कड आत वळते आणि केस बुबुळावर घासायला लागतात. प्रत्येक उघडझापीला घासणार. दिवसातून किती वेळा पापणी लवते बघा म्हणजे कळेल. त्यातून बुबुळ पांढरं होतं, फूल पडतं. मोतीबिंदूला ऑपरेशन करून नजर परत आणता येते, ह्या फुलाला तसं नाही, तुमच्या घरच्यांनी मोतीबिंदू समजून सोडून दिलं त्यात त्यांचा दोष नाही, बाहेरून दोन्ही पांढरंच दिसतं.

बायकांना जास्त, कारण पोरं सांभाळायला त्याच. स्वतः बरी झाली तरी कडेवरचं पोर परत देणार, मग परत नातवंडं देणार.

औषध साधं आहे. अॅझिथ्रोमायसिनचा एक डोस, नाहीतर टेट्रासायक्लीनचं मलम दीड महिना. पापणी वळली असेल तर छोटं ऑपरेशन, फक्त पापणी सुन्न करून करतात, बाई त्याच दिवशी घरी. पण नुसत्या गोळीने भागत नाही, तोंड धुवायला पाणी लागतं आणि संडास लागतो. संडास कशाला म्हणाल तर जी माशी पोरांच्या डोळ्यावर बसते ती उघड्यावरच्या विष्ठेत अंडी घालते, संडासाच्या खड्ड्यात तिचं जमत नाही. म्हणजे मुलाच्या डोळ्याचा रोग गावाच्या हागणदारीवर ठरतो, हे पालकांना सांगा, लक्षात राहील.

आपल्याकडे ट्रॅकोमाचा कार्यक्रम १९६३ ला सुरू झाला, १९७६ ला तो अंधत्व नियंत्रण कार्यक्रमात घातला, आणि ऑक्टोबर २०२४ ला डब्ल्यूएचओने जाहीर केलं की भारतात सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून ट्रॅकोमा संपला. शेजारच्या देशांमधे आधी नेपाळ २०१८, म्यानमार २०२०, मग आपण. जगात अजून साधारण १९ लाख लोकांची नजर ह्याने गेलीये किंवा अधू झालीये, बहुतेक आफ्रिकेत.

आता तुमचा मुख्य प्रश्न, तुलना कशावर. आकड्यांवर करू नका, पोरांना लाख आणि कोटी सारखेच. मी नवीन लोकांना शिकवताना एकच विचारायचो, हा रोग तुम्हाला किती वेळ देतो? ट्रॅकोमा वीस-तीस वर्षं देतो. बाकीचे नाही देत. बघा ह्या फूटपट्टीने काय होतंय.

लागोस_रिटर्न (नाशिकरोड)

बाई त्या पोराला सांगा आजोबांना खुशाल रामकुंडावर जाऊ द्या, पाण्याने आणखी काय व्हायचं ते होईल पण रिव्हर ब्लाइंडनेस होणार नाही. मी कंपनीकडून नायजेरियात सहा वर्षं होतो, तिथे हा प्रकार डोळ्यांनी बघितलाय (शब्द चुकला, पण असो).

नाव नदीचं आहे पण नदी फक्त माशीची. बारीक काळी माशी असते, कुबड असल्यासारखी, ती खळाळत्या पाण्यात वाढते, साचलेल्या पाण्यात नाही, म्हणजे डासाच्या बरोबर उलट. ती दिवसा चावते आणि चावताना जंताची पिल्लं अंगात सोडते. मोठे जंत कातडीखाली गाठी करून १० ते १५ वर्षं जगतात आणि मादी रोज हजाराने पिल्लं सोडत राहते. ती पिल्लं कातडीत फिरतात, डोळ्यातही जातात, आणि मेली की तिथे सूज. अशा हजारो बारीक सुजांनी बुबुळ आणि आतला पडदा जातो. आंधळं व्हायच्या आधी वर्षानुवर्षं खाज असते, आणि खाज म्हणजे साधी नाही, लोक विटकरीने, खापराने अंग खाजवायचे, पायाची कातडी बिबट्यासारखी ठिपक्याठिपक्यांची होते. आमच्या साईटच्या ड्रायव्हरचे वडील असे होते. एक काठी, पुढचं टोक सात-आठ वर्षांच्या नातवाच्या हातात, मागचं त्यांच्या. नातू शाळेत नाही कारण काठी धरायला कोणी नको का. मला अजून तो पोरगाच आठवतो, म्हातारा नाही.

भारतात तो जंतच नाही. ९९ टक्क्यांवर रुग्ण आफ्रिकेत, थोडे ब्राझील-व्हेनेझुएलाच्या जंगलात आणि येमेनमधे. २०१७ चा अंदाज होता की २ कोटी ९ लाख लोकांच्या अंगात जंत आणि ११ लाख ५० हजारांची नजर गेलेली किंवा अधू.

शेतीवाल्यांना एक गोष्ट पटेल. पश्चिम आफ्रिकेत लोकांनी नदीकाठची काळी कसदार जमीन सोडून दिली होती, माशीच्या भीतीने वर खडकाळ माळावर जाऊन राहिले. आपल्याकडे गोदाकाठच्या गुंठ्यासाठी भावाभावात कोर्टकचेऱ्या आणि तिथे फुकट पडून. १९७४ पासून हेलिकॉप्टरने नद्यांमधे माशीच्या अळ्या मारायचं औषध टाकायला सुरुवात केली, त्यातलं एक टेमीफॉस, जे आपल्याकडे डेंग्यूच्या सीझनला टाक्यांमधे टाकतात तेच. २००२ ला तो कार्यक्रम संपला तेव्हा अडीच कोटी हेक्टर जमीन परत वहितीखाली येण्यासारखी झाली होती.

आणि औषध कुठलं माहितीये का, आयव्हरमेक्टिन! कोविडात जे अर्ध्या नाशिकने चणेफुटाण्यासारखं खाल्लं तेच. मूळचं जनावरांचं औषध, जपानमधल्या मातीतल्या जिवाणूपासून काढलेलं, त्याबद्दल ओमुरा आणि कॅम्पबेल ह्यांना २०१५ चं नोबेल मिळालं. ते बनवणाऱ्या मर्क कंपनीने १९८७ पासून रिव्हर ब्लाइंडनेससाठी ते फुकट दिलं, अजून देते. गावात वाटताना वजनकाटा नाही, एक रंगवलेली काठी असते, माणूस तिच्याशेजारी उभा करायचा, ज्या पट्ट्यापर्यंत डोकं तेवढ्या गोळ्या. मला ते फार आवडलं होतं. पण गोळी फक्त पिल्लं मारते, म्हातारा जंत तसाच, म्हणून वर्षातून एकदा-दोनदा, आणि सलग दहा-पंधरा वर्षं वाटत राहावं लागतं. कोलंबिया पहिला देश सुटला, २०१३ ला. आफ्रिकेतला पहिला देश नायजर, तो जानेवारी २०२५ ला.

नेत्रवाले काकांच्या फूटपट्टीत हा पण वर्षांच्या खात्यात जातो.

घरगुती_उपाय

इतकं काय काय वाचून भीती वाटायला लागली. आमच्याकडे डोळे आले की मधाचं बोट फिरवायचे नाहीतर बाळंतिणीचं दूध दोन थेंब, कोणी आंधळं झालं नाही. २०२३ ला पावसाळ्यात सगळ्या नाशिकचे डोळे आले होते तेव्हा पण आम्ही हेच केलं, चार दिवसात साफ.

निवृत्त_नेत्रवाला (पंचवटी)

दादा, ते चार दिवसात साफ झालं कारण ती व्हायरसची साथ होती, मध नसता घातला तरी आठवड्यात साफच झाली असती. त्याचं श्रेय मधाला जातं आणि मग पुढच्या वेळी खरंच बुबुळावर जखम असते तेव्हा तुम्ही परत मधच घालता. हीच तर अडचण. डोळे आले असतील तर लाल होतात, चिकटतात, पण नजर स्वच्छ असते आणि उजेडाचा फारसा त्रास होत नाही. लाल आहे, दुखतोय, उजेड नको वाटतोय आणि अंधुक पण दिसतंय, असं एकत्र असेल तर ते डोळे येणं नव्हे. त्या दिवशी दवाखाना, दुसऱ्या दिवशी नाही.

काडी_छाटणी (निफाड)

काका तुम्ही हे लिहिलं म्हणून मी लिहितो, नाहीतर नुसतं वाचत होतो.

आमची द्राक्षबाग आहे, चार एकर. ऑक्टोबर छाटणीला सुरगाणा-पेठकडची टोळी येते दरवर्षी, त्यात एक जण होता, तिशीतला, आमच्याकडे सलग पाच वर्षं येत होता, हात एकदम साफ. छाटताना काडी तारेत अडकलेली असते, कात्री लावली की ती सुटून सपकन येते, ती त्याच्या डोळ्यावर बसली. संध्याकाळी चार वाजता. त्याने डोळा चोळला, टाकीवर जाऊन पाणी मारलं, आणि परत कामाला, कारण मजुरी वेलीवर असते भो, दिवसावर नाही. मी पण बघितलं, जरा लाल होता बस. रात्री दुखायला लागलं तर त्याने गावातून मेडिकलमधून ड्रॉप आणला. आणि खरं सांगतो दुसऱ्या दिवशी लाली एकदम कमी. तो खुश, मी खुश. तिसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी छाटणी केली त्याने. मग लागलं छाटलेल्या काड्यांना पेस्ट लावायचं काम, सगळी गडबड, आणि सहाव्या दिवशी सकाळी झोपडीतून बाहेर येईना. मी जाऊन बघितलं तर बुबुळावर मधोमध पांढरा ठिपका, ज्वारीच्या दाण्याएवढा, कडा कापसासारख्या पिंजलेल्या. गाडीत घालून नाशिकला नेलं.

डॉक्टरांनी खरवडून काचेवर घेतलं, तपासलं, म्हणाले बुरशी आहे. ड्रॉप कुठला घातला विचारलं, बाटली दाखवली, तर त्यांनी डोक्याला हात लावला. त्यात स्टिरॉइड होतं. मग ते दुधासारखं पांढरं औषध, नॅटामायसिन, हलवून हलवून तासातासाला, रात्री पण. महिना दीड महिना. डोळा वाचला म्हणजे काढावा लागला नाही, पण दिसत नाही, पांढरं फूल. आता तो छाटणीला येत नाही, एका डोळ्याने तार आणि काडी मधलं अंतर कळत नाही म्हणतो. कांद्याला जातो लासलगावकडे.

मला ना ट्रॅकोमा माहीत ना ती आफ्रिकेतली माशी. आमच्याकडे डोळा जातो तो असा. काका तुमच्या फूटपट्टीने ह्याला किती वेळ होता?

औषधं_विकतो

मी मेडिकल चालवतो, गाव सांगत नाही. सगळे आता आमच्यावर येणार म्हणून आधीच लिहितो. गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं मागच्या वेळी दिला होता तोच ड्रॉप द्या, लगेच फरक पडला होता. नाही म्हटलं की पुढच्या दुकानात जातो आणि तिथे मिळतो. चिठ्ठी आणा म्हटलं तर म्हणे चिठ्ठीचे तीनशे कोण देणार. मी स्वतः आता देत नाही, पण पूर्वी दिलेत, खोटं कशाला बोलू. स्टिरॉइड बुरशीला वाढवतं हे मला डिप्लोमाला पाठ होतं पण कोणाचा डोळा गेलेला पाहिला नव्हता.

निवृत्त_नेत्रवाला (पंचवटी)

दुकानदार भाऊ, कबूल केलंत ते बरं केलंत. स्टिरॉइडची खोड हीच आहे की लाली घालवतं, लाली म्हणजे शरीराची फौज, ती मागे फिरली की बुरशीला रान मोकळं. वरून बरं वाटतं, आतून पोखरतं.

निफाडकर भाऊ, तुमच्या माणसाला वेळ होता तो तासांमधे. साधारण पहिला एक दिवस. आणि त्याचा पुरावा आहे. नेपाळमधे भक्तपूरला एक काम झालं, २००१ ला छापून आलं. गावातल्या आरोग्यसेविकांसारख्या कार्यकर्त्यांना शिकवलं की डोळ्याला काही लागलं तर लगेच त्यांच्याकडे यायचं, ते निळ्या उजेडात रंग घालून बघायचे बुबुळावर ओरखडा आहे का, असला तर क्लोरॅम्फेनिकॉलचं साधं मलम दिवसातून तीनदा, तीन दिवस. ज्यांना लागल्यापासून १८ तासांच्या आत मलम सुरू झालं त्यांच्यात एकालाही अल्सर झाला नाही. एकालाही! काही रुपयांचं मलम. अल्सर झाल्यावर मात्र महिनोनमहिने औषध, आणि तरी फूल, मग नेत्रदानातलं बुबुळ मिळालं तर मिळालं.

आणि बुरशीच का, तर पानाकाडीने लागलं की त्यावरची फ्युजेरियम, अॅस्परजिलस अशी बुरशी सरळ जखमेत जाते. ऊसाचं पातं, भाताची लोंबी, गव्हाचं कुसळ, सगळं तसंच. भारतासारख्या गरम शेतीच्या देशात हे जास्त. नॅटामायसिन आणि त्याहून महाग व्होरिकोनाझोल ह्यांची तुलना मदुराईकडच्या पेशंटांवर झाली होती, २०१३ ला निकाल आला, जुनं स्वस्त नॅटामायसिनच सरस निघालं, फ्युजेरियमला तर खासच. म्हणजे इलाज माहीत आहे, औषध मिळतं. फक्त ते पाच-सहा दिवस मिळत नाहीत परत.

म्हणून मी फूटपट्टी म्हणालो. जगाच्या यादीत ट्रॅकोमा पहिला असेल, निफाडच्या यादीत ही काडी पहिली.

आशा_वर्कर_सुरगाणा

मला मोबाईलवर जास्त टाईप करता येत नाही, थोडं थोडं लिहिते.

तासांचाच म्हणाल तर काका अजून एक आहे. आईला परमा (गनोरिया) असेल आणि बाळंतपण झालं तर दोन ते पाच दिवसात बाळाचे डोळे टम्म सुजतात आणि पापणी उघडली की पू उडतो. आम्हाला ट्रेनिंगला सांगितलंय की ह्यात एका दिवसात पण बुबुळाला भोक पडू शकतं, म्हणून ५ व्या ६ व्या दिवशी सटवाईची पूजा होईपर्यंत थांबायचं नाही, बाळ बाहेर काढायचं नाही वगैरे काही ऐकायचं नाही. पूर्वी युरोपात पण आंधळ्यांच्या शाळा अशा मुलांनी भरलेल्या होत्या, मग १८८० च्या सुमाराला क्रेडे नावाच्या जर्मन डॉक्टरने प्रत्येक बाळाच्या डोळ्यात जन्मल्याबरोबर सिल्व्हर नायट्रेटचा एक थेंब टाकायला सुरुवात केली आणि प्रमाण एकदम खाली आलं. एक थेंब.

गोवर. गोवर अंगातलं व्हिटॅमिन ए खाऊन टाकतो, पोर आधीच वाळलेलं असलं तर काही दिवसात बुबुळ मऊ पडून वितळतं. त्याच्या आधी खुणा दिसतात, संध्याकाळी पोर भिंतीला धडकतं, ताट शोधताना हात चाचपडत फिरवतं, डोळ्याच्या पांढऱ्यावर साबणाच्या फेसासारखा ठिपका. आया सांगत नाहीत, म्हणतात आळशी झालाय, अंधारात उठत नाही. ९ महिन्याला गोवर-रुबेलाच्या लसीबरोबर व्हिटॅमिन एचा पहिला डोस, मग दर सहा महिन्याला, पाच वर्षांपर्यंत एकूण ९ डोस. नववा पूर्ण झालेलं पोर मला सांगा किती घरात आहे. शाळेत आल्यावर तर कोणी कार्ड बघतच नाही.

रुबेला वेगळा, आईला गरोदरपणी पहिल्या तीन महिन्यात झाला तर बाळ मोतीबिंदू घेऊनच जन्मू शकतं. आईला तर नुसतं पुरळ आणि कणकण, तिला आठवत पण नाही. हे पहिल्यांदा ओळखलं ते नॉर्मन ग्रेग म्हणून सिडनीचे डोळ्यांचे डॉक्टर होते त्यांनी, १९४१ ला. बाई तुमच्या आठवीच्या मुलींना हे नक्की सांगा.

आणि कुष्ठरोग. त्यात डोळ्यात काही जातंय असं बाहेरून दिसत नाही. चेहऱ्याची नस गेली की पापणी मिटत नाही, झोपेत पण डोळा उघडा. आणि बुबुळाची जाणीव गेली की कचरा गेलेला कळत नाही. दुखलं तर माणूस येतो ना दवाखान्यात, ह्यांचं दुखतच नाही. माझ्याकडे एक आजोबा आहेत त्यांना मी सांगून ठेवलंय की दारासमोरच्या आंब्याकडे नजर गेली की मुद्दाम दोन्ही डोळे गच्च मिटायचे. ते आता आंब्याला डोळा मारतात म्हणून पोरं हसतात त्यांना. हसू दे. गोळ्या फुकट आहेत, लवकर आला तर काहीच होत नाही.

लागोस_रिटर्न (नाशिकरोड)

ताई तुम्ही थोडं थोडं म्हणून आमच्या सगळ्यांपेक्षा भारी लिहिलंत.

काडी_छाटणी (निफाड)

काका काळी बुरशी म्हणजे आमच्या माणसाला झाली तीच का? कारण गावात सगळे म्हणाले ह्याला ब्लॅक फंगस झालाय आणि चार दिवस त्याच्या झोपडीकडे कोणी फिरकलं नाही.

निवृत्त_नेत्रवाला (पंचवटी)

नाही हो. २०२१ ची काळी बुरशी म्हणजे म्युकर, ती नाकातून सायनसमधे, तिथून डोळ्याच्या खोबणीत मागून जाते, बेसुमार शुगर आणि कोविडात दिलेल्या स्टिरॉइडच्या जोडीने. तिथे प्रश्न डोळ्याचा नसतो, जिवाचा असतो, जीव वाचवायला डोळा काढावा लागायचा. तुमच्या माणसाची बुरशी बुबुळावर पुढून आली. दोन्ही एका माणसाकडून दुसऱ्याला लागत नाहीत, झोपडीकडे जायला काही हरकत नव्हती.

शाळेतली_बाई (दिंडोरी)

सगळ्यांचे खूप आभार, मी एवढं अपेक्षित धरलं नव्हतं. आईला फोन करून विचारलं आजीचं, ती गप्प झाली आणि मग म्हणाली तुझ्या मावशीच्या पण पापणीचा केस टोचतो कधी कधी. मावशी ६८ ची आहे. तिला घेऊन जाते ह्या आठवड्यात.

फळ्यावर असं करणार आहे: एक आडवी रेघ, डाव्या टोकाला तास आणि उजव्या टोकाला वर्षं. मुलांच्या हातात रोगांची नावं चिठ्ठीवर, ज्याने त्याने येऊन आपली चिठ्ठी रेघेवर चिकटवायची. बाळाचे पूवाले डोळे आणि काडी डावीकडे, गोवर त्याच्या पुढे, खुपऱ्या आणि ती काळी माशी पार उजवीकडे. आज वर्गात करून बघितलं. रामकुंडवाल्या पोराने रिव्हर ब्लाइंडनेसची चिठ्ठी घेतली, रेघ संपली तिथे गेला आणि म्हणाला बाई हा इथला नाही ना, मग फळ्याच्या बाहेर लावू का. भिंतीवर लावली.

एक अडलंय, कुष्ठरोग कुठे लावू? वेळ भरपूर आहे पण दुखत नाही त्यामुळे माणूस येतच नाही.

आशा_वर्कर_सुरगाणा

मधे लावा बाई, आणि चिठ्ठी उलटी लावा, कोरी बाजू पुढे. दिसत नाही म्हणून.

काडी_छाटणी (निफाड)

मी पण सांगतो काय केलं ते. यंदा छाटणीला २२ गॉगल आणलेत, साधे पारदर्शक, नाशिकहून. पहिल्या दिवशी सगळ्यांनी घातले, दुपारपर्यंत १९ जणांनी डोक्यावर चढवले, घामाने वाफ धरते म्हणतात आणि डोळ्याला नीट दिसत नाही म्हणून उलट कात्री बोटाला लागेल. बरोबर पण आहे त्यांचं. कोणाकडे वाफ न धरणारा काही उपाय असेल तर सांगा, साबण लावून पुसून बघितला, तासभर टिकतं.

औषधं_विकतो

बाजूला भोकं असलेले येतात, त्यात हवा खेळते, जरा महाग पडतात. बघून सांगतो. आणि दादा, तुमच्या गावातल्या मेडिकलवाल्याला माझा हा धागा दाखवा, नाव लपवून.